एका वजनाचे दोन पट्टे

डावरीने बॉक्सिंगच्या जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा तिच्या वहिनीनेच केला होता. अकरा महिन्यांनी वहिनीनेही पट्टा जिंकला. तोही जगज्जेतेपदाचाच आणि त्याच वजनगटातला, फक्त दुसऱ्या संघटनेचा. डावरीने टाळ्या वाजवल्या, पण हात कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे वाटत होते.

दोघी एकाच व्यायामशाळेत वाढलेल्या. डावरीचा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो बहिणीला न्यायला यायचा, आणि असा येता येता तिच्या सरावाच्या जोडीदारणीशीच लग्न करून बसला.

खालच्या मजल्यावर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मावशींना हे पट्ट्यांचं प्रकरण काही उमगेना. "म्हणजे तुम्ही दोघी जगात पहिल्या?"

"हो."

"मग दुसरी कोण?"

डावरीने समजावून सांगितलं. संघटना चार, प्रत्येकीचा पट्टा वेगळा, आणि प्रत्येकीच्या मते खरा पट्टा आपलाच. दोघी जगज्जेत्या एकमेकींशी लढल्या, तरच दोन पट्टे एकीकडे येणार.

"मग लढा की," मावशी म्हणाल्या. "एकाच घरात तर राहता."

लढायला वहिनीची ना नव्हती. "होऊन जाऊ दे एकदाचं. जिंकेल ती महिनाभर भांडी घासणार नाही," असं ती हसत म्हणायची. डावरीला हसू यायचं नाही. व्यायामशाळेच्या दारावर वहिनीचा फोटो तिच्या फोटोपेक्षा बोटभर मोठा होता. तिने एकदा कुणी नाही असं बघून तो मोजला होता. आई "माझ्या दोघी पोरी" म्हणायची, त्यातलं 'दोघी' तिला टोचायचं. पूर्वी लढतीच्या वेळी तिच्या कोपऱ्यात बादली धरणारा दादा आता बायकोच्या कोपऱ्यात उभा असायचा. जेवताना तो "हिचा उजवा ठोसा पाहिलास का?" म्हणाला, की डावरीचा घास तोंडातच फिरायचा.

लढत तीनदा ठरली आणि तीनदा मोडली. पहिल्यांदा दोघींचे प्रमोटर अडून बसले. एकाचा करार एका वाहिनीशी, दुसऱ्याचा दुसरीशी, आणि जाहिरातीत आधी कुणाचं नाव यावर सात महिने गेले. दुसऱ्यांदा वहिनीच्या संघटनेने सांगितलं, आधी आमच्या यादीतल्या पहिल्या नंबरशी लढा. तिसऱ्यांदा सगळं जुळलं, तारीखही पडली, तेव्हा डावरीच्या संघटनेचं पत्र आलं: नव्वद दिवसांत आमच्या पहिल्या नंबरशी लढा, नाहीतर पट्टा सोडा.

"लढून घे," कोच म्हणाले.

"मग वहिनीशी लढायची तारीख जाईल."

"जाऊ दे. पट्टा तर राहील."

डावरी हट्टाला पेटली. तिने संघटनेला नकार कळवला. संघटनेने पट्टा काढून घेतला आणि यादीतल्या पहिल्या दोघींची लढत लावली. जिंकणारी नवी जगज्जेती झाली. तीही डावरीसारखीच डावखुरी. आणि डावरीकडे पट्टाच उरला नाही म्हटल्यावर वहिनीच्या प्रमोटरला तिच्याशी लढतीत रस उरला नाही. त्याने एका दुपारी, एका बैठकीत, वहिनीची लढत त्या नव्या जगज्जेतीशी ठरवून टाकली.

दोन वर्षं जे जमलं नाही, ते एका दुपारी!

त्याच संध्याकाळी वहिनी डावरीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "मला सरावाला डावखुरी हवी. तुझ्याइतकी चांगली दुसरी कोण आहे?"

नाही म्हणायला डावरीला कारण सापडलं नाही.

पाच आठवडे डावरी वहिनीपुढे ती नवी जगज्जेती होऊन उभी राहिली. तिच्या लढतींचे व्हिडिओ तिने पाठ केले होते. तिसऱ्याच दिवशी तिला एक गोष्ट दिसली. डाव्या हाताचा जोराचा ठोसा मारायच्या आधी ती बाई उजवा पाय वीतभर मागे घ्यायची. कोचच्या ते लक्षात आलं नव्हतं. सांगू उद्या, असं डावरीने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच ठरवलं. नवी जगज्जेती ग्लोव्हने नाक पुसायची तशी ती पुसायची, मान झटकायची तशी झटकायची. पाय मात्र जागच्या जागी ठेवायची.

लढतीच्या दिवशी कोपऱ्यातलं स्टूल सांभाळायचं काम डावरीकडे होतं. चौथ्या फेरीत तो ठोसा आला आणि वहिनी खाली पडली. पंचाने आठ मोजले तेव्हा उभी राहिली. फेरी संपल्यावर दादा तिच्या मानेवर बर्फ धरत होता.

वहिनीने डावरीकडे पाहिलं. "मला दिसतच नाही गं तो ठोसा. काय चुकतंय माझं?"

"हात वर ठेव," डावरी म्हणाली. कुणीही कुणालाही सांगेल असं.

सहाव्या फेरीत वहिनी पुन्हा पडली. या वेळी डावा डोळा सुजून बंद झाला. दादा कोचना म्हणाला, "थांबवा हे." आवाज इतका बारीक होता, की डावरीला तो लहानपणी जिन्यावरून पडला होता तेव्हाचा वाटला.

"तिचा उजवा पाय बघ," डावरी पटकन म्हणाली. "मागे गेला की ठोसा येतो."

वहिनीने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घंटा झाली.

उरलेल्या चार फेऱ्यांत तो ठोसा एकदाही लागला नाही. तीनपैकी दोन परीक्षकांनी वहिनीला एका गुणाने जिंकवलं. दोन पट्टे दोन खांद्यांवर आले, त्यातला एक डावरीचा होता.

कपडे बदलायच्या खोलीत दादा डॉक्टरांना शोधायला गेल्यावर वहिनी म्हणाली, "पाय कधी दिसला तुला?"

"आज. सहाव्या फेरीत."

"खोटं. तू तिची नाक पुसायची सवयसुद्धा उचललीस. पाच आठवड्यांत तुझा पाय एकदाही हलला नाही. दिसला नसता, तर चुकून तरी हलला असता."

डावरी जमिनीवरचे ग्लोव्ह उचलायला वाकली.

"माझा डोळा गेला असता," वहिनी म्हणाली आणि हाताला बांधलेली पट्टी स्वतःच सोडायला लागली.

तिने हे दादाला सांगितलं नाही, आईलाही नाही. फक्त डावरीशी बोलणं मिठापुरतं, दारापुरतं ठेवलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला सहा महिने रिंगमध्ये जायला मनाई केली. डावरीच्या जुन्या संघटनेने मात्र पहिल्या नंबरशी लढायला मुदत दिली नव्वदच दिवसांची. मुदत संपली आणि जिंकलेला तो पट्टा गेला. दोन्ही पट्टे मिळून चार महिनेसुद्धा एकत्र राहिले नाहीत.

पट्टा गेल्याची बातमी वाचून डावरीला आधी बरं वाटलं. मग आतल्या खोलीत डोळ्यात औषध घालून घेणाऱ्या वहिनीचं "आई गं" ऐकू आलं, आणि ते बरं वाटणं तिचं तिलाच सोसेना.

आठवड्याने तिलाच फोन आला. रिकाम्या झालेल्या त्या पट्ट्यासाठी यादीतल्या पहिल्या दोघी लढणार होत्या, आणि दुसरी आता डावरी होती. कुणालाही न विचारता ती हो म्हणाली.

वहिनी सरावाला आली नाही. लढतीला दादा आला, बादली घेऊन. इतक्या वर्षांनी तो आपल्या कोपऱ्यात उभा आहे, यानेच डावरी सुखावली. पण समोरची पोरगी बावीस वर्षांची होती आणि वाऱ्यासारखी हलायची. डावरी आठव्या फेरीत एकदा पडली आणि तिन्ही परीक्षकांच्या गुणांवर हरली.

घरी आली तेव्हा दार वहिनीने उघडलं. डावरीचा ओठ फाटलेला, गाल टरारलेला. वहिनीने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"किती वेळा पडलीस?"

"एकदा."

"मी दोनदा," वहिनी म्हणाली आणि बर्फ आणायला आत गेली.

वहिनी बर्फाची पुरचुंडी गालावर दाबून धरत असताना डावरी तिचा चेहरा न्याहाळत होती. आनंदाची एखादी तरी रेघ दिसली असती, तर दोघी फिटंफाट झाल्या असत्या. वहिनी फक्त पुरचुंडीतलं पाणी कुठून गळतंय ते बघत होती. असं निर्मळ होता येतं, याचाच डावरीला आता सगळ्यात जास्त हेवा वाटला.