शेठजींच्या नावावरचं फूल

ओल्या गवतात हनुवटी टेकवून शांतीशेठ पालथे पडलेले असत, आणि समोरचं फूल हलू नये म्हणून त्यांनी श्वाससुद्धा धरून ठेवलेला असे. भाद्रपदातलं कोवळं ऊन पात्यापात्यांतून झिरपून, फिकं हिरवं होऊन त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरे; आणि त्या सदऱ्यातला खापर गावातल्या दुकानाचा हिंग-जिऱ्याचा वास त्या निर्मनुष्य पठारावर इतका विजोड वाटे, की मला हटकून हसू येई. साठी उलटलेला, पोट सुटलेला किराणा दुकानदार आणि वीतभर उंचीचं एक रोपटं! मी मोटारसायकलपाशी उभा राहून घड्याळ बघत असे.

मी खापरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शेठांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुलं सुरतेला स्थिरावली होती, आणि दुकानावरच्या माडीत संध्याकाळनंतर त्यांचा स्वतःचाच खोकला काय तो ऐकू येई. बोलायला माणूस उरलं नाही म्हणून शेठ झाडाझुडपांत रमले, असं गाव म्हणे. मला मात्र वाटतं, त्यांना बोलायचंच नव्हतं. कोणाच्या तरी शेजारी नुसतं गप्प बसायचं होतं. श्रावण लागला की दर रविवारी दुकान बंद करून ते माझ्या मागे गाडीवर बसत, आणि आम्ही मोलगीच्या वाटेवरचं ते गवताळ पठार गाठत असू.

कंदीलपुष्पांचं त्यांना विलक्षण वेड. खाली फुगीर, मध्ये बारीक नळी, आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला इवलासा कंदील. चिलट आत शिरतं, नळीतल्या केसांमुळे अडकतं, आणि दुसऱ्या दिवशी ते केस सुकले की पराग घेऊन सुटतं. या कुळातली भावंडं ओळखायला मला शेठांनीच शिकवलं. कुंपणावर वेल होऊन चढणारं ते नेहमीचं. पाकळ्यांची टोकं न जुळता मोकळी सुटतात ते दुसरं. आणि वेल न होता गवतात गवतासारखंच ताठ उभं राहणारं, अरुंद पानांचं, ते दुर्मीळ. माझ्या पदवीचा इथे काडीइतकाही उपयोग झाला नाही, हे कबूल करतो.

ते तिसरं आम्हाला चार पावसाळे हुडकल्यावर सापडलं. एकच रोप, त्यावर दोन फुलं. गुराख्यांची पोरं याचे कंद कच्चेच खातात, त्यामुळे आजूबाजूला दुसरं असण्याची आशा नव्हती. पुण्याला या कुळाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी छायाचित्रं पाठवली. त्यांनी कळवलं, की जवळची जात अगदी अशीच दिसते, फूल उघडून पोटातला मुकुटासारखा भाग पाहिल्याशिवाय आणि कंद पाहिल्याशिवाय निर्वाळा देता येणार नाही. शेठ जैन; बटाटाकांदासुद्धा जन्मात तोंडी न लावलेले. कंद म्हणजे अनंत जीवांचं घर. ते शांतपणे म्हणाले, "उपटू नका, सर. शेंग येऊ द्या, बी पडू द्या. फूल काही पळी नही जाई ऱ्हायनं."

मला धीर नव्हता. आयुष्यात एकदा तरी आपल्या हातून काही नोंदलं जावं, ही हाव होती. तिला मी तेव्हा विज्ञान म्हणत होतो. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी एकटाच पठारावर गेलो आणि खुरप्याने ते रोप समूळ काढलं. कंद सुपारीएवढा होता. कागदांत दाबून, वाळवून पाठवताना चिठ्ठीवर 'संग्राहक' असा रकाना आला. शोध त्यांचा, मान त्यांचा, अशा उदार विचाराने मी तिथे ठसठशीत अक्षरांत शेठांचं पूर्ण नाव लिहिलं.

बाईंचं उत्तर आलं: तेच, दुर्मीळ. मी धावतच दुकानात गेलो. शेठ तागडीत डाळ घालत होते. त्यांनी चष्मा लावला, पत्र वाचलं, सोबतची चिठ्ठीची नक्कल वाचली, आणि कंदपण काढला का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. बराच वेळ तागडी एका बाजूला झुकलेली राहिली. मग ते म्हणाले, "सर, मन्हं नाव काबर टाकं?"

त्या 'का'मध्ये राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. जो माणूस गवतावर पाय टाकतानाही खाली बघत असे, त्याच्या माथी मी हत्या मारली होती, तीही सत्कार म्हणून.

आठवड्याने संवत्सरी आली, जैनांचा एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस. दरवर्षीप्रमाणे शेठ हात जोडून माझ्या दारात उभे राहिले आणि वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा, म्हणाले. मी ओशाळून हसलो, अहो शेठ, तुम्ही कसली क्षमा मागता, असं काहीसं बडबडलो, चहाचं विचारलं. मी मात्र क्षमा मागितली नाही. म्हटलं, रविवारी पठारावर निवांत बोलू. त्या रविवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाहीत. दिवाळीनंतर मुलं त्यांना सुरतेला घेऊन गेली, आणि चैत्रात ते तिकडेच वारले.

त्यानंतरचे तीन पावसाळे मी त्या पठारावर पालथा पडून काढले. वेली सापडल्या, मोकळ्या टोकांची सापडली. ते ताठ उभं राहणारं नाही. यंदा पुण्याला जाऊन तो कागद पाहिला. फुलाचा रंग उडून तपकिरी झालाय. माझ्या अक्षरातलं शेठांचं नाव मात्र काळंभोर आहे. नाव खोडता येत नाही, बाई म्हणाल्या, हवं तर खाली दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवता येईल. मी लिहिलं: हे रोप शांतीलालशेठांनी उपटलेलं नाही. मी उपटलं. त्यांनी मला नको म्हटलं होतं.

बाईंनी डिंक लावला आणि कपाट बंद केलं. ते दार पुन्हा कोणी उघडील तेव्हा मीही नसेन. काळ माणसाला नेतो आणि त्याच्याकडे मागायची राहिलेली क्षमा आपल्यापाशी ठेवून जातो. ती हातात घेऊन मी सुरतेच्या कुठल्या दारात उभा राहू?