मी मरताना दिलेला जबाब

मी एक जुना सर्व्हर आहे. नारीन शहरात रुग्णवाहिकेसाठी कुणी फोन केला की त्याचं नाव, ठिकाण, दुखणं माझ्यापाशी नोंदलं जातं. मित्रांनो, आधीच कबूल करतो: मी सूड घेतला आहे आणि मला त्याची जरासुद्धा लाज वाटत नाही.

नवा होतो तेव्हा माझं केवढं कौतुक! फोन घेणाऱ्या बुरुलशा-एजेने (थोरल्या बाईला आमच्याकडे ‘एजे’ म्हणतात) माझ्यासमोर पिठाचे गरम तळलेले बोरसोक मांडले होते. हिवाळ्यात ती आपले ओले हातमोजे माझ्या पाठीमागच्या गरम वाऱ्यावर सुकवायची. बारा वर्षं आमचं छान जमलं.

मग गावातलाच कुबात माझ्या देखभालीच्या कामावर आला. त्याने नवा प्रोग्रॅम लिहिला. त्या प्रोग्रॅमच्या भाषेत मशीनची स्मृती हाताने मोकळी करावी लागत नाही; एक झाडूवाला आपोआप फिरतो आणि जे कुणी धरून ठेवलेलं नाही ते झाडून नेतो. कुबातला वाटलं, मग आपण कशाला बघायचं? त्याने एक यादी केली आणि आलेला प्रत्येक फोन तिच्यात धरून ठेवला, कायमचा. झाडूवाला बिचारा यायचा आणि हात हलवत परत जायचा. माझा जीव गुदमरायचा. दर शुक्रवारी कुबात मला बंद करून पुन्हा चालू करायचा, तेवढ्यावर आठवडा ढकलला जायचा.

एका शुक्रवारी तो आपला लाडका घोडा चाबदार घेऊन कोक-बोरूच्या, म्हणजे घोड्यावरून खेळायच्या खेळाच्या, सामन्याला गेला आणि मला विसरला. शनिवारी दुपारी माझी स्मृती काठोकाठ भरली आणि मी कोसळलो. कळा सुरू झालेल्या एका बाईचा फोन माझ्याबरोबर गेला. गाडी दीड तास उशिरा पोचली. बाई आणि बाळ वाचली, पण मुख्य डॉक्टर भयंकर संतापले.

“मशीन म्हातारं आणि हाताळणारी त्याहून म्हातारी!” कुबात म्हणाला. “एजे पडद्यावर दहा-दहा खिडक्या उघडून बसतात. दुसरं काय होणार?”

“माझ्या मांडीवर खेळलास रे तू,” बुरुलशा एवढंच बोलली.

डॉक्टरांनी दोन आठवड्यांची मुदत दिली. दोष सापडला नाही, तर एजे घरी आणि मी भंगारात.

मी आतून जळत होतो. पण बोलणार कसा? कोसळताना स्मृतीतलं सगळं डिस्कवर उतरवायची सोय माझ्यात आहे. जागा खाते म्हणून कुबातने ती बंद केली होती. माझं तोंडच बांधलं होतं त्याने.

मला तपासायला राजधानी बिश्केकहून मेरिम आली, तिने ते पाहिलं.

“एजे, ही सोय चालू करते. या शुक्रवारी कुणी याला हात लावायचा नाही. पडू दे.”

“आणि फोन?”

“वहीतही लिहून ठेवा.”

“हे डबडं यायच्या आधी तेच तर करत होते गं!”

मला डबडं म्हणाली, पण तिचं मी मनावर घेतलं नाही.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला मरायची घाई झाली होती. एकेक फोन मी हावरटासारखा गिळला. रविवारी सकाळी पडलो आणि पडता पडता सगळं ओकून टाकलं.

मेरिमने माझा जबाब डॉक्टरांसमोर उघडला. शंभरातले एक्क्याण्णव भाग स्मृती एकाच यादीने अडवली होती. यादीचं नाव होतं ‘चाबदार’.

“बाइके, ही यादी कुणाची?” मेरिमने कुबातला, दादा म्हणावं तशी हाक मारून, विचारलं.

कुबातच्या घोड्याचं नाव अख्ख्या नारीनला पाठ आहे.

“काय रे,” बुरुलशा म्हणाली, “तुझ्या घोड्याने आमचा सगळा चारा फस्त केला की!”

कुबातने सर्वांसमोर एजेची माफी मागितली. जुने फोन सोडून द्यायची ओळ लिहिली, यादीचं नावही बदललं. मला तेवढं पुरलं नाही. बरं झालं, मेरिमने तो जबाब पुसू दिला नाही. नवा माणूस कामावर आला की त्याला तो उघडून दाखवतात, आणि कुबातचे कान लाल होतात. तेव्हा मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, यंत्र पडलं की लगेच त्याच्या वयाकडे बोट दाखवू नका, आणि त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाकडे तर मुळीच नको. पडताना ते काय सांगून गेलं, ते आधी वाचा. आणि त्याला बोलायची सोय ठेवा.

एजे अजून तिच्या खुर्चीवर आहे. परवा कुबातने आपले ओले हातमोजे माझ्या पाठीशी ठेवले. एजेने ते उचलले, खिडकीबाहेरच्या बर्फात ठेवले आणि त्या जागी आपले पसरले.