गस फायफरची मिशी

स्विंग जॅझच्या तालावर अमेरिकेतलं अख्खं मिलवॉकी शहर नाचत होतं तेव्हाची गोष्ट. गल्लोगल्ली माउथ ऑर्गनचे ताफे निघाले होते. आमचा चौघांचा होता. मी, वॉल्टर आणि हर्मन वरचे सूर सांभाळायचो. खर्जाचा बाजा, चांगला विटेएवढा जाड, गस फायफरकडे होता.

गस दिवसा कसायाकडे सॉसेज भरायचा आणि झुपकेदार मिशीला रोज मेण लावायचा. ती त्याने इर्मासाठी वाढवली होती. आम्ही दर शनिवारी ज्या थिएटरात वाजवायचो, तिथे इर्मा खिडकीत तिकिटं विकायची. एका शनिवारी खेळ संपला की तो तिला मागणी घालणार होता.

पडदा उघडायच्या जरा आधी गसने बाजा तोंडाला लावून पाहिला, आणि मिशी पत्र्याच्या फटीत गच्च अडकली. ओढली की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"कापू या," वॉल्टर म्हणाला.

"भों भों," गस म्हणाला.

"नाही म्हणतोय," हर्मनने सांगितलं.

बाजा इकडेतिकडे सरकेना, त्यामुळे गसला एकच सूर उरला होता. शेवटी आम्ही तोच सा धरायचं ठरवलं. पडदा उघडला. प्रत्येक गाणं त्याच पट्टीत, आणि खाली गसचं अखंड भों भों. हळुवार प्रेमगीतातही भों. लोक खुर्च्या सोडून मधल्या वाटेत नाचायला लागले.

"तो खर्जवाला काय संयमी आहे," थिएटरचे मालक लिंडक्विस्टसाहेब विंगेतून आम्हाला म्हणाले. "बाकीचे उगाच धावपळ करतात."

पडदा पडल्यावर इर्मा कात्री घेऊन आली. गस तिच्यापुढे गुडघ्यावर बसला.

"भों भों भों, भों?"

"काय म्हणतोय हा?" इर्माने मला विचारलं.

"लग्नाचं विचारतोय."

"कुणाच्या?"

"त्याच्याच. तुझ्याशी."

इर्माने वाकून नीट पाहिलं. "मिशीसकट?"

गसने बराच विचार केला. मग अगदी बारीक भों केलं. इर्माने कात्री चालवली. बाजा सुटला आणि त्याच्याबरोबर मिशीची उजवी बाजू गेली. मग तिने डावीही उडवली.

"डावी ठेवली असतीस तरी चाललं असतं," गस ओठ चाचपत म्हणाला.

"मला नसतं चाललं. लग्नाला मात्र माझी हरकत नाही."

रविवारभर गस मिशीच्या दुःखात आरशासमोरून हलला नाही. पुढच्या शनिवारी त्याने हौसेने सगळे सूर वाजवले, तर लिंडक्विस्टसाहेब नाराज. "आज जरा भरकटलाच," म्हणाले.

वसंतात लग्न झालं. इर्माच्या आईने आम्हाला जेवणानंतर वाजवायला सांगितलं होतं. पण तिनेच बटाट्याचं सॅलड इतकं वाढलं, की चौघांपैकी एकालाही फुंकर मारवेना. शेवटी नवरीच्या मामांनी अकॉर्डियन काढला.