ताईंचा बूट आणि माझे पुढचे चाक

मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. माझे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले आहे आणि मूळचा निळा रंग आता जेमतेम बोटभर उरला आहे. मित्रांनो, मी सांगते आहे ती गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली.

माझा जन्म त्याआधी सहा वर्षांचा. एका कारागिराने पत्र्याच्या शेडमध्ये नळ्या कापून, कानशीने घासून मला जोडले. ज्याच्यासाठी जोडले तो शर्यतपटू उंचीने इतका कमी होता, की दोस्त त्याला पावशेर म्हणत. कारागिराने माझा सांगाडा त्याच्या मापाने लहान केला. चाके मात्र इतर शर्यतीच्या सायकलींएवढीच मोठी ठेवली. त्यामुळे माझे पुढचे चाक पायडलच्या फार जवळ आले.

"हे बघ," कारागीर त्याला म्हणाला, "जोरात असताना काही नाही. पण अगदी हळू, चाक पुरतं फिरवून वळलास, तर बुटाचं टोक चाकाला लागणार. वळताना बाहेरच्या अंगाचा पाय पुढे ठेवायचा नाही. बस्स, एवढं सांभाळ."

पावशेरने ते चार दिवसांत अंगवळणी पाडून घेतले. सहा वर्षे आम्ही शर्यती केल्या. दर रविवारी तो मला मऊ फडक्याने पुसायचा, साखळीला तेल द्यायचा. लोक थांबून बघायचे. मी तेव्हा जरा ताठ्यातच असे.

मग त्याला दूरच्या गावी नोकरी लागली आणि त्याने मला शेजारी राहणाऱ्या ताईंच्या हवाली केले. ताई कवळ्या बनवायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि ताई मेणात एकेक दात बसवून त्यावरून कवळी घडवायच्या. हे काम मूळ त्यांच्या वडिलांचे. वडील गेल्यावर त्या आणि त्यांची आई अशा दोघीच घरात होत्या. ताईंची उंची पावशेरएवढीच, म्हणून मी त्यांना बरोबर बसले. पावशेरने त्यांना ब्रेक दाखवले, गिअर दाखवले, हवा किती भरायची तेही सांगितले. पायाचे तेवढे राहिले. ते त्याच्या इतके हाडीमाशी खिळले होते, की त्यात सांगण्यासारखे काही आहे हेच तो विसरला.

दोन महिने मजेत गेले. ताई उघड्या बोटांच्या चपला घालत. चाक त्यांच्या बोटांच्या अगदी जवळून जायचे, पण लागायचे नाही. मग थंडी पडली आणि ताईंनी जाड टोकाचे नवे बूट घेतले.

पहिल्यांदा त्या घराच्या फाटकापाशी पडल्या. हळूच डावीकडे वळत होत्या, उजवा पाय पुढे होता. बुटाचे टोक चाकाला भिडले, चाक अडले आणि आम्ही दोघी आडव्या. हे सारे इतक्या झटकन झाले, की ताईंना कारण कळलेच नाही. आठवड्याने, उभ्या मोटारीला वळसा घालताना पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझ्या मागे बांधलेल्या डब्यात एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी होती. ती डब्यातून उडाली आणि भर रस्त्यात दात विचकून पडली. येणारेजाणारे हसले. ताई हसल्या नाहीत.

मित्रांनो, त्यांच्या वडिलांचा आजार असाच सुरू झाला होता. आधी ते चालता चालता पडू लागले. "पाय ऐकत नाही," म्हणायचे. मग हात थरथरू लागले, काम सुटले आणि शेवटी चमचाही धरवेना. आता तेच आपल्या मागे लागले, असे ताईंनी मनाशी धरले. रोज सकाळी कामाला बसण्याआधी त्या उजवा हात समोर धरून बघत, थरथरतो का. हात गेला तर काम गेले. आणि मग आईला कोण बघणार?

मी त्याच खोलीत भिंतीला टेकून उभी असे. मला सारे ठाऊक होते. माझ्या टायरच्या कडेला त्यांच्या बुटाचे पॉलिशसुद्धा लागले होते. पण घंटीखेरीज मला आवाज नाही, आणि तीही दुसऱ्याने वाजवावी लागते.

"गुडघ्याला काय झालं गं?" एकदा आईंनी विचारले.

"काही नाही. घसरले."

"कोरड्या रस्त्यावर?"

"आई, सोड ना."

आई आत निघून गेल्या.

शेवटी एका सकाळी ताई मला हाताने ढकलत सायकलमिस्त्रींच्या दुकानात घेऊन गेल्या.

"मिस्त्री, ही ठेवून घ्या. कुणाला हवी असली तर द्या. मला आता झेपत नाही."

"का हो ताई? बिघडली काय?"

"ती नाही बिघडली. मीच बिघडले. तोल जातो माझा. तीनदा पडले."

"जोरात होतात?"

"छे! अगदी हळू. वळत होते."

"कुठल्या अंगाला?"

"डावीकडे. तिन्ही वेळा डावीकडेच."

मिस्त्रींनी त्यांच्या पायांकडे पाहिले. डावा बूट नव्यासारखा होता. उजव्याचे टोक मात्र खरवडलेले. "बसा बघू सीटवर. मी धरतो. उजवा पाय पुढे घ्या." आणि त्यांनी माझे हँडल डावीकडे वळवले.

टक्.

ताई बघतच राहिल्या. "पुन्हा करा."

टक्.

"पुन्हा."

"अहो, किती वेळा? लहान सांगाड्याच्या सायकलीचं असंच असतं. दोष नाही हा. हळू वळताना बाहेरचा पाय पुढे ठेवू नका, संपलं."

"म्हणजे माझा पाय ऐकतो?"

"पाय ऐकतो हो. त्या बुटाला सांगा."

ताई उतरल्या, पंपाशेजारच्या खोक्यावर बसल्या आणि तोंड झाकून रडू लागल्या. मिस्त्रींची गाळण उडाली. "अहो ताई, रडता काय? नाही घेत मी तुमची सायकल! घेऊन जा घरी!" रडता रडता ताईंना हसू फुटले.

घरी जाऊन त्यांनी आईंपुढे तोच प्रयोग केला. आईंनीही तो तीनदा करून घेतला आणि मग खाटेवर बसकण मारली.

"मेले, महिनाभर घास उतरला नाही माझ्या घशाखाली!"

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या बापाचं सगळं केलं मी. पडलेलं माणूस मला ओळखू येत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

मग आई उठल्या आणि म्हणाल्या, "तरी डॉक्टरांना दाखवून ये. बुटावर माझा भरवसा नाही." डॉक्टरांनी ताईंना रेघेवरून चालवले, बोट नाकाला लावायला सांगितले आणि ठणठणीत म्हणून घरी पाठवले. त्या दुपारी आम्ही अंगणात चाळीस वळणे घेतली. आई पायरीवर बसून दर वळणाला "पाय! पाय!" म्हणून ओरडत होत्या.

पुढे काय झाले, तेही सांगते. न्यायाधीशांना रस्त्यात पडलेल्या कवळीऐवजी नवी मिळाली आणि ती आधीच्या कवळीपेक्षा चावरी आहे, अशी त्यांची अखेरपर्यंत तक्रार होती. पावशेर खेळाचा शिक्षक झाला. चार वर्षांनी तो भेटायला आला तेव्हा त्याला ताईंचे बोलणे आणि चहा, दोन्ही गरमागरम मिळाले. कारागीर म्हातारपणी मुलीकडे राहायला गेला. मिस्त्री आता नाहीत. आई एकोणनव्वद वर्षांच्या होऊन गेल्या, लेकीने केलेली कवळी घालूनच. ताईंनी अडुसष्टाव्या वर्षापर्यंत काम केले. हात एकदाही थरथरला नाही. मी मात्र मधली अकरा वर्षे जिन्याखाली धूळ खात पडले. टायर फुटले, साखळी गंजली. गेल्या वर्षी ताईंच्या भाचीने मला बाहेर काढले. आता ती मला चालवते.

मित्रांनो, आम्हा सायकलींना पुसा, तेलपाणी करा, आणि आम्हाला दुसऱ्याच्या हाती देताना आमच्या खोडी सांगायला विसरू नका. आणखी एक सांगणे आहे. कसली भीती वाटली तर ती घरातल्या माणसांना सांगा. त्या हिवाळ्यात एका घरात दोन बाया एकच भीती वेगवेगळ्या खोल्यांत घेऊन बसल्या होत्या आणि मी मधल्या भिंतीला टेकून उभी होते. मला बोलता येत नव्हते. त्यांना येत होते.