यहूदाचे कान

दक्षिण इटलीतल्या आमच्या रोक्कादोर्ना गावात न्हावी मी एकटाच. गावातली डोकी आतून कशी आहेत ते देव जाणे, बाहेरून मात्र मला तोंडपाठ आहेत. म्हणून सांगतो, नगराध्यक्ष एजिदिओ पास्कारेल्लीसारखे कान अख्ख्या बाझिलिकाता प्रांतात नाहीत. वरून टोकदार, खालून लोंबते, आणि डोक्यापासून इतके फटकून की टोपी खाली घसरायची भीतीच नाही. एजिदिओ आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. मी उजवीकडे बसायचो, तर त्याच्या उजव्या कानामुळे मला फळा दिसायचा नाही.

तर हा एजिदिओ गेली वीस वर्षं केस लांब ठेवतो आणि दर महिन्याला मला बजावतो, "कान्यो, कानांवरचे तेवढे राहू दे."

"राहू देतो बाबा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

या कानांचं मूळ सान्त एलिजिओच्या चॅपेलमध्ये आहे, आणि चॅपेलची किल्ली माझ्या इन्कोरोनाता मावशीकडे. किल्ली लोखंडी, वीतभर लांब, चुलीशेजारी लसणाच्या माळेबरोबर टांगलेली. चॅपेलच्या दारावर नुसती चिठ्ठी: ‘किल्ली समोरच्या गल्लीत, हिरवं दार. एक ते चार वाजवू नये.’ मावशीची आई गेली त्याला एकेचाळीस वर्षं झाली, तेव्हापासून हा कारभार मावशीचा. ती आता एक्याऐंशीची आहे.

दार वाजवलं की मावशी आधी एकच प्रश्न विचारते. "कुणाचा तू?"

आमच्याकडे हा प्रश्न गावातल्या पोरासोरांना सगळेच विचारतात. घराणं कळल्याशिवाय पुढचं बोलणं सुचत नाही. पण परदेशी पाहुण्याला कुणी विचारत नाही. मावशीला हा भेदभाव मंजूर नाही. जो जन्मला तो कुणाचा तरी असणारच, असं तिचं म्हणणं. एक जर्मन जोडपं घाबरून पासपोर्ट काढायला लागलं. "हे राहू दे, बाप काय करायचा ते सांग!" म्हणून मावशीनं त्यांना उन्हात उभं केलं. एका स्वीडनच्या माणसानं हातवारे करून सांगितलं की बाप होड्या दुरुस्त करायचा. त्याला किल्ली मिळाली, वर सुक्या अंजिरांचा पुडा मिळाला, आणि मावशीला दर नाताळला त्याचं कार्ड येतं.

चॅपेलच्या भिंतीवर पाचशे वर्षांपूर्वीचं येशूचं शेवटचं भोजन आहे. चित्रकारानं शिष्यांचे चेहरे गावातल्याच माणसांचे घेतले, असं आम्ही मानतो. पेत्र म्हणजे पावाच्या भट्टीवाल्यांचा पूर्वज. देखणा योहान औषधांचं दुकान चालवणाऱ्या सावेरिओच्या घरचा. आणि तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा, ती थैली मुठीत आवळून बसलेला यहूदा, तो पास्कारेल्लींचा. पुरावा काय, तर कान.

मावशी पाहुण्यांना काठीनं एकेक शिष्य दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "हा यहूदा. ह्याचा वंशज हल्ली पालिकेत बसतो. बाहेर पडून डावीकडे. जाऊन बघा."

आणि लोक खरंच जायचे. एजिदिओ कचेरीत सह्या करत असायचा आणि दारातून चार-पाच अनोळखी माणसं डोकी घालून त्याचे कान बघायची.

मागच्या वसंतात प्रांताच्या ठिकाणाहून पत्र आलं. जुन्या गावांचा एक प्रवासमार्ग आखायचा होता, बारा गावं निवडायची होती, आणि सप्टेंबरात समिती पाहणीला येणार होती. निवड झाली की हमरस्त्यावर गावाच्या नावाची तपकिरी पाटी लागते. दरीपलीकडच्या मोंतेस्पीनाला अशी पाटी सहा वर्षांपूर्वीच मिळाली. तिथं बघण्यासारखं काय, तर एक विहीर. तीही कोरडी. ती पाटी दिसली की माझं आजही पित्त खवळतं.

एजिदिओनं एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. चॅपेलला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवायचं आणि आत बोलणारं यंत्र. पाहुण्यानं दारावरच्या क्रमांकावर फोन करायचा, आकडे घ्यायचे, आत जायचं. मावशीची गरज नाही.

"काळ बदललाय रे कान्यो," तो माझ्या खुर्चीत बसून म्हणाला. "सगळं कसं व्यवस्थित पाहिजे."

"कानांची गोष्ट बंद व्हावी म्हणून चाललंय हे. चोराच्या मनात चांदणं."

"तू केस काप."

मी कापले, पण त्या दिवशी मानेवर पावडर लावली नाही. राग आला की मी एवढंच करू शकतो.

सुताराला पाचशे वर्षांच्या लाकडात करवत घालायचा धीर होईना, म्हणून जुनं कुलूप आतला अडसर काढून शोभेला तिथंच ठेवलं आणि नवं त्याच्या वर बसवलं. पालिकेचा शिपाई किल्ली मागायला मावशीकडे गेला. "आता काय कामाची ती तुम्हाला? लसणाला सोबत राहू दे," म्हणून तिनं त्याला परत पाठवलं. चिठ्ठी मात्र काढून टाकली होती. महिनाभर हिरवं दार कुणी वाजवलं नाही. मावशीचा नवरा कधीच गेला, मुलगी दूर तोरिनोला. मी संध्याकाळी चण्यांची वाटी घेऊन जायचो, तेव्हा ती एप्रन बांधून, केस विंचरून दारामागच्या खुर्चीत बसलेली असायची. मला बघून म्हणायची, "हात्तिच्या, तू होय."  किल्लीशिवाय ती फक्त एक म्हातारी होती, आणि हे तिला कळलं होतं.

समिती आली ती दुपारी दीड वाजता. तिघं जण, प्रमुख ओर्नेल्ला विताले नावाच्या प्राध्यापक बाई, साठीच्या, पायात चालायचे बूट. गाव कुत्र्यामांजरांसकट झोपलेलं. एजिदिओनं मला सोबतीला घेतलं होतं, कारण तास-तासाला त्याचे केस कानांवर बसवायचे होते.

आकडे दाबले, दार उघडलं, यंत्र बोलायला लागलं. आवाज मिलानहून आणलेला होता. रंगांत चुना किती, निळा कुठल्या दगडाचा, सगळं सांगून झालं. समितीतला एक जण आपल्या बुटांकडे बघत होता. शेवटी यंत्र म्हणालं, "येशूच्या दोन्ही बाजूंना अकरा शिष्य बसले आहेत. धन्यवाद."

ओर्नेल्ला बाईंनी बोट उचलून मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"इथं तर बारा आहेत. हा थैलीवाला कोण?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. या शहाण्यानं यंत्रातून यहूदाच काढून टाकला होता! येशूच्या पंगतीतून एक माणूस उठवला, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असं त्याला वाटलं.

एजिदिओला घाम फुटला. त्यानं कपाळ पुसलं, पुसता पुसता केस मागे सारले, आणि उजवा कान बाहेर आला. बाईंनी कानाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा कानाकडे पाहिलं.

"नगराध्यक्ष, या चित्राबद्दल नीट सांगणारं गावात कुणीच नाही का? मग यादीत घालायचं काय, कुलूप?"

"आहे ना," मी म्हणालो. "माझी मावशी."

"दोन वाजलेत," एजिदिओ पुटपुटला. आमच्याकडे दोन वाजता दार वाजवायचं म्हणजे घरात कुणीतरी मेलेलं तरी पाहिजे. "कान्यो, तू वाजव ना. भाचा आहेस."

"मी? गरज कुणाला आहे?"

हिरव्या दारापुढे तो बराच वेळ उभा राहिला. मग वाजवलं.

"कुणाचा तू?" आतून आवाज.

"मावशी, मी एजिदिओ."

"नाव कुणी विचारलं? कुणाचा?"

"पास्कारेल्लींचा."

"कुठल्या? दोन घरं आहेत त्यांची."

"वरच्या आळीतल्या."

"ऐकू येत नाही रे बाबा. म्हातारी झाले." ही बाई तीन घरांपलीकडे पडलेला चमचा ओळखते. मी तोंडावर हात ठेवला.

एजिदिओनं समितीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओरडला, "यहूदाच्या घरचा! मी यहूदाच्या घरचा!"

गल्लीतल्या झाडून सगळ्या खिडक्या उघडल्या. भट्टीवाला बनियनवर बाहेर आला. कुणीतरी टाळी वाजवली.

दार उघडलं. मावशी एप्रन बांधूनच होती, हातात किल्ली. "एवढंच तर विचारत होते," ती म्हणाली.

चॅपेलपाशी आल्यावर ती अडून बसली. आधी दार बंद करा, मी उघडीन. एजिदिओनं निमूटपणे दार ओढलं. मावशीनं जुन्या कुलपात किल्ली घातली आणि सावकाश फिरवली. ती फिरवत असताना नगराध्यक्षांनी तिच्या खांद्यावरून हात घालून हळूच आकडे दाबले. दार उघडलं. "बघा," मावशी बाईंना म्हणाली, "अजून लागते."

मग काठी फिरली. पेत्र, योहान, सगळे झाले, आणि काठी यहूदापाशी थांबली. एजिदिओनं मान खाली घातली.

"हा सगळ्यांत भला माणूस," मावशी म्हणाली.

मी चमकलो.

"अहो, पेत्र व्हायला रांग लागली होती. योहानासाठी दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले. यहूदा व्हायला कोण तयार? कुणी नाही. तीन आठवडे ही जागा रिकामी. एका माणसावाचून देवाची पंगत अडली. तेव्हा ह्यांचा पूर्वज शेतातून आला, दाराशी गाढव बांधलं आणि म्हणाला, काढा मला, कुणीतरी बसायलाच पाहिजे ना तिथं. चित्रकारालाच वाईट वाटलं. तो म्हणाला, कान जरा लहान काढू का? तर म्हणाला, नको. आहेत तसे काढा. माझ्या पोराबाळांना मी ओळखू आलो पाहिजे."

 बुटांकडे बघणारा आता भिंतीकडे बघत होता. एजिदिओनं रुमाल काढला आणि नाक इतक्या जोरात शिंकरलं की मावशी दचकली.

ते लोक गेल्यावर मी तिला घरी सोडायला गेलो.

"मावशी, ही गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती."

"मी तरी कुठं ऐकली होती?"

"मग?"

तिनं किल्ली लसणाशेजारी टांगली. "सगळ्या गल्लीसमोर ओरडून सांगितलं ना त्यानं, मी कुणाचा ते? मग त्याला बरा पूर्वज नको का द्यायला?"

फेब्रुवारीत यादी आली. आमचं नाव अकरावं, पण आहे. आकड्यांचं कुलूप एजिदिओनं स्वतः उतरवलं आणि दारावर चिठ्ठी पुन्हा लागली. तपकिरी पाटीही उभी राहिली, मोंतेस्पीनाच्या पाटीच्या बरोबर समोर.

त्या आठवड्यात औषधांचा दुकानदार सावेरिओ दाढीला आला आणि आरशात कान निरखायला लागला. "कान्यो, नीट बघ. वरचं टोक. आजी म्हणायची की यहूदा मुळात आमच्या घरचा. पास्कारेल्ली उगाच मिरवतात."

"तुमचा योहान ना?"

"योहान काय, कुणीही बसला असता तिथं."

तेवढ्यात एजिदिओ आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. ऐकणारच, कान कुणाचे! शेजारच्या खुर्चीत बसला, कोट नीट केला आणि सावेरिओकडे न बघता म्हणाला,

"कान्यो, बारीक काप. कान पूर्ण मोकळे कर."