विद्यापीठात बावीस वर्षे

खोटं बोलायला अक्कल लागते. खरं बोलून घोटाळा करायला मात्र नुसता साधेपणा पुरतो, आणि तो देवानं बाइंडरला पोतं भरून दिला होता.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली तळघर आणि तळघरात त्याचं टेबल. वर विद्वान लिहायचे, खाली हा शिवायचा. प्रबंधाची पानं यायची सुटी, विस्कटलेली. परत जायची ती निळ्या कापडाच्या पुठ्ठ्यात, पाठीवर सोनेरी अक्षरं लेऊन. त्या अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे असतात. ते जुळवून जुळवून त्याला सुलट अक्षरापेक्षा उलटं अक्षर लवकर वाचता यायला लागलं होतं. बोटांना खळीचा वास कायमचा. गल्लीत त्याला 'प्रोफेसर' म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग सवयीनं. आणि थट्टा जुनी झाली की जुन्या सदऱ्यासारखी अंगाला बसते. त्यालाही ती बसली होती.

त्याच्या लेकीला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा फॉर्म भरायचा मान त्यानं स्वतःकडे घेतला. हात धुऊन, चष्मा पुसून बसला. एका रकान्यात विचारलं होतं : 'आई-वडिलांपैकी कोणी विद्यापीठात होते का? असल्यास किती वर्षे?'

त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं : 'होय. वडील. बावीस वर्षे.'

"बघ," तो बायकोला म्हणाला, "मोठ्या ठिकाणी माणसाची विचारपूस असते. शिपाई का असेना, बाइंडर का असेना, विचारतात."

"विचारतात ना? मग पगार का वाढवत नाहीत ते पण लिहा त्या रकान्यात," बायको म्हणाली. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची, आणि तिच्या जिभेलाही तेवढाच चटका होता.

फॉर्म गेला. देव दयाळू आहे खरा, पण फॉर्म काही देव छापत नाही.

लेक शाळेत कायम पहिली. तिची अभ्यासाची रीत एकच : धडा पाठ करायचा, स्वल्पविरामासकट. शाळेतल्या बाई तिची वही वर्गात फिरवायच्या, "असं लिहावं, छापल्यासारखं!" विद्यापीठातही तिनं तसंच लिहिलं. निबंध परत आला तो लाल शाईनं रंगून. वर शेरा : 'हे कोणाचे आहे? पुन्हा असे केल्यास चोरी धरली जाईल.'

चोरी! जिनं कधी शेजारणीच्या खोडरबरला विचारल्याशिवाय हात लावला नाही, तिला चोर म्हटलं. तिनं तो कागद घडी घालून दप्तराच्या तळाशी ठेवला. सरांकडे जाऊन विचारावं, तर दारावर पाटी होती : 'भेटीची वेळ दुपारी तीन ते चार.' तिला वाटलं, सरांकडे कोणी मोठी माणसं भेटायला येत असतील त्या वेळी. ती तीन ते चार त्या व्हरांड्यातून जायचंसुद्धा टाळायची.

वर्षाच्या शेवटी पाचातले तीन विषय गेले. घरी पत्र आलं : नाव कमी का करू नये, याचा विचार समिती गुरुवारी करील, पालकांसह हजर राहावे.

पत्र आलं त्या दुपारी बाइंडर घरीच होता. लेक आली, चपला काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाबा, फॉर्मवर तुम्ही काय लिहिलं होतं?"

"कुठल्या?"

"प्रवेशाच्या. माझ्या वर्गात एक ड्रायव्हरची मुलगी आहे. तीही दोन विषयांत गेली, पण तिला परत बसू देणार आहेत. घरातलं पहिलंच कोणी शिकत असेल, तर त्यांची वेगळी यादी असते. त्यांना दर बुधवारी एक ताई शिकवते, निबंध कसा लिहायचा, सरांना कधी भेटायचं, काय विचारायचं, सगळं. मी त्या ताईला म्हटलं, मग मला का नाही? तर ती माझा फॉर्म बघून हसली. म्हणाली, तुझे वडील बावीस वर्षं विद्यापीठात होते ना!"

"मग आहेच की मी," बाइंडर म्हणाला. "खोटं काय त्यात?"

बायकोच्या हातातली परात तशीच राहिली. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. चुकीचा खिळा लागला की छापल्यावरच कळतं, तसं त्याला ते वाक्य आता कळलं.

"शिकायला," तो पुटपुटला. "शिकायला होते का, असं विचारत होते ते."

"नाहीतर काय, खळ लावायला होते का असं?" बायको म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच वाईट वाटलं. "जाऊ द्या. उद्या जाऊन सांगा, चुकलं म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी कार्यालयात गेला. तिथल्या कारकूनबाईंची रजिस्टरं तोच शिवून द्यायचा.

"अहो बाइंडरकाका, तुम्ही तरी!" बाईंनी कपाळाला हात लावला. "वर्षभर गप्प कसे बसलात? आता दुरुस्ती समितीपुढेच. प्रतिज्ञापत्र लागेल, शेवटची इयत्ता किती ते लिहून, आणि शाळेचा दाखला. आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. आवाज जरा खाली गेला.

दाखला होता. ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत, एकोणीस वर्षं कोणाला न दाखवलेला. लग्न ठरताना त्याच्या मामानं सांगितलं होतं, मुलगा दहावीपर्यंत शिकलाय. हा खाली मान घालून बसला होता, आणि ती खाली घातलेली मान सगळ्यांनी होकार समजली. पुढे लेक विचारायची, बाबा तुमच्या वेळी दहावीला काय काय होतं? तर हा म्हणायचा, "तेव्हा लई अवघड असायचं बाळ." दाखल्यावर लिहिलं होतं : इयत्ता चौथी.

बुधवारी संध्याकाळी त्यानं तो कागद बायकोपुढे ठेवला.

तिनं वाचला. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नानंतर दोन महिन्यांत. दहावी झालेला माणूस बसची पाटी वाचताना ओठ हलवत नाही." आणि कागदाची परत घडी घालत, "मला नका सांगू. तिला सांगा. उद्या तिथे कळण्याआधी सांगा."

त्यानं मान हलवली. पण सांगितलं नाही. जेवताना दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मीठ मागितलं.

समितीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या सरांचा प्रबंध बाइंडरनंच शिवला होता. त्यांना ते आठवत नव्हतं, याला पाठीवरच्या सोनेरी नावासकट आठवत होतं. लेक शेजारी बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"ही माहिती तुम्ही स्वतः भरलीत?" सरांनी विचारलं.

"होय साहेब."

"प्रश्न कळला नव्हता?"

"कळला होता. विद्यापीठात होते का, असं होतं. मी होतो. साडेनऊला येतो, साडेपाचला जातो. रजासुद्धा फार नाहीत."

टोकाच्या मॅडमना हसू आलं, त्यांनी ते रुमालात घेतलं. तिसरे गृहस्थ हसले नाहीत. "उद्या कोणीही असं म्हणेल. नापास झाल्यावर आठवतं सगळ्यांना. शिक्षण किती तुमचं?"

दाखला समोरच्या फायलीत होता. नुसतं त्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. बाइंडरनं लेकीकडे पाहिलं नाही. तो उभा राहिला, शाळेत उभं राहतात तसा.

"चौथी पास," तो म्हणाला. "घरी दहावी सांगितलं होतं. ते खोटं होतं. फॉर्मवरचं खोटं नव्हतं, पण चूक होती. दोन्ही माझी. तिचं त्यात काही नाही."

बोटाला गुंडाळलेली ओढणी थांबली.

त्यांना बाहेर बसायला सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. थोड्या वेळानं कारकूनबाई कागद घेऊन आल्या. नाव यादीत घेतलंय. दोन महिन्यांनी तिन्ही विषय परत देता येतील, ही एकच संधी. बुधवारचा वर्ग मात्र भरला आहे, तो पुढच्या वर्षी.

"पण पुढचं वर्ष यायला आधी हे पास व्हायला हवं," लेक म्हणाली.

"हो बाळा," बाई म्हणाल्या, "तसंच आहे ते," आणि त्यांना कोणीतरी हाक मारली म्हणून गेल्या.

कुठेतरी झाडू फिरत होता.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"चौथीनंतर का सोडलीत? पैसे नव्हते?"

"नाही गं. तसं म्हटलं तर कोणीतरी दिले असते." तो हाताच्या बोटांकडे बघत राहिला. "आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीला दुसऱ्या शाळेत जाऊन नाव घालायचं असतं, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. मास्तरांनी दाखला दिला, आईनं शेजारी गूळ वाटला. आम्हाला वाटलं, शाळा संपली."

लेकीनं एकदम मान वळवली.

"मग कधी कळलं?"

"तीन वर्षांनी. बरोबरीचा एक पोरगा गणवेशात दिसला. मी म्हटलं, अरे तू अजून पास नाही झालास?"

तो हसला. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते रडू त्याच्यासाठी होतं, स्वतःसाठी होतं की त्या लाल शाईच्या कागदासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं दप्तराच्या तळातून तो कागद काढला, मांडीवर ठेवून घडी उलगडली.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"सव्वातीन."

ती उठली. व्हरांड्याच्या शेवटी निबंधाच्या सरांचं दार होतं, 'तीन ते चार'ची पाटी असलेलं.

"कुठे निघालीस?"

"विचारायला."

"काय विचारशील?"

"ते माहीत नाही, बाबा." तिचा आवाज फाटला. "काय विचारायचं असतं, तेच विचारते."

बाइंडर तिच्या मागून दोन पावलं गेला आणि थांबला. या मजल्यावर तो आजवर फक्त गठ्ठे उचलायला आला होता. तिनं दारावर टकटक केलं. आतून काहीतरी आवाज आला. 'या' होता की 'थांबा', इतक्या लांबून कळेना. ती कागद छातीशी धरून उभीच होती. त्यानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, ओठ हलवून.

मग तिनं दार ढकललं.