डाव्या डोळ्याचं धनुष्य

तराजूच्या ताटलीत ते झापड पडलं होतं — काळ्या प्लास्टिकचं, अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, मागे चष्म्याला अडकवायची चिमटी. तिने काचेची दारं दोन्ही बाजूंनी सरकवून बंद केली, श्वास आवरला आणि आकडे स्थिर व्हायची वाट पाहिली. वजन होतं, पण नावापुरतं. म्हणजे सकाळपासून जो भार वाटतोय तो याचा नाही.

हे काही कामाच्या वेळेत करायचं काम नव्हतं. तिच्या टेबलावर दवाखान्यांचे, दुकानांचे, कारखान्यांचे काटे येत, आणि ती त्यांच्यावर प्रमाण वजनं ठेवून एकेकाला जणू विचारायची — खरं सांगतोयस ना? काटा चुकत असेल तर दोन वाटा. एक, तो दुरुस्त करा. दुसरी, तो नेमका किती चुकतो ते बघा आणि तेवढं धरून चाला. दुसऱ्या वाटेत या खोलीत कुणी कमीपणा मानत नाही. माणसाच्या बाबतीतच पहिलीचा एवढा हट्ट का असतो...

दादाने सकाळी ते चहाच्या कपाशेजारी ठेवलं होतं. किती खुशीत होता!

"घे, खिडकी. डाव्या डोळ्यावर लाव. उजवा बघ कसा सुतासारखा सरळ येतो."

खिडकी. हे नाव त्यानेच ठेवलं होतं, ती पहिलीत असताना. तिचा उजवा डोळा आळशी होता — डॉक्टरांनी हाच शब्द वापरला होता, आणि डोळा आळशी असतो म्हणजे तो दुपारी झोपतो का, असं तिने विचारल्यावर सगळे हसले होते. उपाय एकच. चांगला डोळा झाकायचा, म्हणजे आळशाला काम करावंच लागतं. मग रोज सकाळी डाव्या डोळ्यावर चिकटपट्टी. एक खिडकी बंद. फळ्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळून पांढरट धुकं व्हायची, आणि शेजारच्या वर्गातून मधल्या सुट्टीत धावत येऊन दादा फळा वाचून दाखवायचा, हळू आवाजात, बाईंना कळू नये म्हणून. संध्याकाळी आई बोटाला तेल लावून पट्टी सोडवायची. भुवईचे केस पट्टीबरोबर यायचे. आई म्हणायची, "झालं हं, झालं," आणि तिच्याही डोळ्यांत पाणी.

पण पट्टीचा कोपरा किंचित उचलून पाहिल्यावर — ते एकदाच नाही, पुष्कळदा केलं होतं — समोरच्या तारेवरचा कावळा केवढा धारदार दिसायचा! चोच, चोचीखालची पिसं, सगळं. मागून दादा ओरडायचा, "आई, ही चोरून बघतेय!" फळा वाचून दाखवणारा तोच, आणि चहाडी करणाराही तोच.

स्वतःच्याच डोळ्याने बघणं आणि त्याला चोरून म्हणायचं.

तिने काचेचं दार उघडलं, झापड चिमट्याने उचललं आणि खिशात टाकलं. डोळा पुढे सुधारला, अगदीच नाही असं नाही. आई अजून पाहुण्यांना सांगते, माझ्या कष्टाने आला हिचा डोळा. आला, पण पाहुण्यासारखा. बसतो दाराशी. घर चालवतो तो डावाच.

काम संपल्यावर ती धनुष्यबाणांच्या दुकानात पोचली तेव्हा दादा आधीच आलेला होता आणि त्याचं धनुष्य मामांच्या दाबयंत्रात, दोरी सैल करायला पाती वाकवणाऱ्या यंत्रात, चढवलेलं होतं. दुकानाचे मालक मामा कुणाचेच मामा नव्हते. "गिऱ्हाइकाला मामा बनवण्यापेक्षा आपणच झालेलं बरं," असं ते स्वतःच सांगत. यंत्राच्या दोन हातांमध्ये दादाचं धनुष्य आडवं, लाल, पुसून लख्ख, दोन्ही टोकांना दोरी फिरवणारी चाकं. खांदा निखळल्यापासून त्याने ते ओढलं नव्हतं. पण दर रविवारी पिशवीतून काढायचा, पुसायचा, दोरीला मेण लावायचा, परत ठेवायचा. आईने एकदा विचारलं, "विकून का टाकत नाहीस?" तर दोन दिवस नीट जेवला नव्हता. आणि तिने सहज म्हटलं, मी शिकते धनुष्य... तेव्हा त्याचा उजळलेला चेहरा! ते कसं विसरणार.

"चाकं बदलावी लागतील," मामा म्हणाले. "या कंपनीची चाकं एकाच हाताच्या लांबीची. हिच्या मापाची आणून ठेवलीयत. पण एकदा बदलली, नवी दोरी चढली, की मग हे तुझं राहत नाही हं, दादाराव."

"नसू दे. हिचंच करायचंय."

रविवारी नवशिक्यांचा वर्ग सुरू होणार होता. आज बसवलं तर हे धनुष्य तिचं, उजव्या हाताने ओढायचं, आणि म्हणून उजव्या डोळ्याचं. म्हणजे पुन्हा पट्टी. पुन्हा धुकं. पुन्हा कौतुक.

मागच्या आठवड्यात तिने इथेच तीन कंपन्यांची धनुष्यं छताला टांगलेल्या वजनकाट्याला अडकवून दोऱ्या हळूहळू ओढून पाहिल्या होत्या, कुठे किती ताण येतो ते. मामांना गंमत वाटली होती. "कंपन्या सगळ्या चांगल्याच गं," ते म्हणाले होते, "स्वभाव वेगळे." आणि खरंच, प्रत्येकीचा चढ वेगळा निघाला होता. दादाच्या कंपनीचा ताण सुरुवातीलाच भिंतीसारखा वर जायचा, माथ्यावर पठारासारखा लांब पसरायचा आणि शेवटी एकदम कडा, जिथे चाकं फिरून ताण धाडकन उतरायचा. बाणाचा वेग त्या पठारातूनच यायचा. पण कड्याखालची दरी इतकी अरुंद की हात केसभर सैलावला तर धनुष्यच माणसाला पुढे खेचायचं. दुसऱ्या कंपनीचं लांब, जड, शांत — हाताची थरथर पोटात घालणारं, पण तिच्या उंचीला शिडी उचलल्यासारखं. तिसरीचा चढ टेकडीसारखा, दरी रुंद. एका किल्लीने माप लहानमोठं होई, ताणही. वेग यथातथाच. दादा त्याला वाढत्या अंगाचा फ्रॉक म्हणायचा.

आणि दुकानात डावं होतं ते फक्त या तिसऱ्या कंपनीचं. डावं म्हणजे उजव्या हातात धरायचं, डाव्याने ओढायचं, आणि दोरीत बसवलेल्या छोट्या कड्यातून डाव्या डोळ्याने नेम पाहायचा. तिला ते कुणी दाखवलंच नव्हतं. लिहिते उजव्या हाताने, म्हणजे धनुष्य उजवं — सगळ्यांनी, तिनेसुद्धा, एवढंच धरलं होतं. हात विचारला, डोळा विचारलाच नाही.

"लावू कामाला?" मामांनी यंत्राचा दांडा धरला. "झापड आणलंयस ना?"

"थांबा, मामा."

स्वतःचाच आवाज तिला जरा मोठा वाटला.

"मला भिंतीवरचं ते डावं बघायचंय."

दादा हसला. "तू कधीपासून डावखुरी?"

"हाताने नाही. डोळ्याने."

"खिडकी, अगं सवयीने होतं सगळं. लहानपणी नाही का झालं?"

"झालं नाही, दादा. तुम्ही सगळे म्हणालात झालं."

दुकानात कुठेतरी पंखा कुरकुरत होता. तिने दोन्ही तळहात पुढे करून त्यांच्या मधल्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. डावा डोळा मिटला... घड्याळ टुणकन फटीबाहेर. उजवा मिटला, तर जागच्या जागी. "हे बघ. तूही कर." दादाने केलं नाही. त्याचा हात लाल धनुष्याच्या मुठीवर होता, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे त्या हाताला नाही म्हणणं, हे तिला कळत होतं. कळत नसतं तर किती सोपं झालं असतं.

"खेळणं आहे ते," तो हळूच म्हणाला. "माझ्यासारखं धनुष्य मिळत नाही कुणाला पहिल्यांदा."

"माहितीये."

"मग?"

"तुझ्या धनुष्यातून मला दिसत नाही, दादा."

मामांनी दांड्यावरचा हात काढला, भिंतीवरून डावं उतरवलं, किल्ली फिरवून तिचं माप धरलं आणि बाण लावून दिला. "ओढताना घाई नको. आणि बाणाशिवाय कधी सोडायचं नाही, धनुष्याचे तुकडे होतात."

दुकानामागच्या सरावाच्या गल्लीच्या टोकाला पेंढ्याचा चौकोन, त्यावर कागद. तिने ओढायला घेतलं. डावा हात... आजवर याने फक्त डबा धरून ठेवला, झाकण उघडलं ते उजव्याने. तो थरथरला. टेकडी वर वर चढत गेली आणि माथ्याजवळ वाटलं, नाही, जमत नाही, दादाचं बरोबर होतं, आईचं बरोबर होतं, डॉक्टरांचं — आणि तेवढ्यात चाकं फिरली, ताण गळून पडला, आणि ती दरीत उभी होती.

दोरीतल्या कड्याच्या आत नेमाचा गोल, गोलाच्या आत कागद. कागदाच्या कडेचा फाटका कोपरासुद्धा. कावळ्याच्या चोचीसारखा.

उजवा डोळा उघडाच होता. त्याच्यावर पट्टी नव्हती, त्याला कुणी कामाला लावलं नव्हतं. बसलाय दाराशी, धुकं बघतोय. बस बाबा. मी काही तुझ्याकडून आता वसूल करणार नाही. खिशातलं झापड मांडीला टोचत होतं. मागे यंत्रात लाल धनुष्य तसंच, अर्धवट दाबलेलं, कुणाचंच नसलेलं.

"सोड आता," दादा म्हणाला. आवाजात राग होता, की आणखी काही... मागे वळून पाहिल्याशिवाय ते कळलं नसतं.

ती वळली नाही. बाणही तिने सोडला नाही. चुकेल, कदाचित पेंढ्यालाही लागणार नाही, मग दादा काय म्हणेल ते म्हणेल. पण जे दिसतंय ते आधी पोटभर पाहून घ्यायचं होतं, उघड्यावर, कोपरा न उचलता. आणि हात थरथरायचा थांबला होता. ओढतानाच काय ती जड होती ही दोरी. धरून ठेवायला तिचं वजन असं फारसं नव्हतंच.